अंडरग्राउंड डेथ मेटल बँड वर कसा येतो : सांगलीच्या चौघांना उत्तर

विश्रामबागेतील एका तरुण गिटारवादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचा डेथ मेटल (अतिजलद ड्रम, खालच्या सुरातल्या जड गिटार आणि गुरगुरता आवाज असलेले संगीत) बँड दोन वर्षांपासून चालू आहे, चार गाणी बसली आहेत, घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत रियाज चालतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आहेत. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली असून दिवाळीनंतर तो जाणार आहे. अशा वेळी सगळ्यांनीच पुण्या-मुंबईला जावे का, रेकॉर्डिंग कसे करावे, आणि मुळात इतक्या टोकाचे संगीत करणारा बँड वर येतो तो कशाच्या बळावर? सोबत फोनवर केलेले दोन गाण्यांचे रेकॉर्डिंगही त्यांनी पाठवले आहे.

मी मिरजेचा. बावीस वर्षे ध्वनिमुद्रण आणि मंचावरील ध्वनिव्यवस्था हाच माझा व्यवसाय आहे. शास्त्रीय गायनाच्या बैठकीपासून गणेशोत्सवातील बँजो पार्टीपर्यंत सर्व प्रकारचे काम मी केले, आणि त्याच काळात कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील मेटल वाजवणाऱ्या मुलांचे डेमोही (नमुन्यादाखल केलेली छोटी ध्वनिमुद्रणे) रेकॉर्ड केले. त्याआधी आठ वर्षे मी स्वतः अशाच एका बँडमध्ये ड्रम वाजवत होतो. तुमची दोन्ही गाणी मी हेडफोन लावून चार वेळा ऐकली. त्यांत दम आहे, म्हणूनच हे उत्तर लांबणार आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. अंडरग्राउंडमध्ये, म्हणजे मोठ्या बाजारापासून दूर, चाहत्यांच्या आपसातल्या देवघेवीवर चालणाऱ्या संगीताच्या जगात, ‘वर येणे’ याचा अर्थ रेडिओवर वाजणे किंवा गावभर नाव होणे असा कधीच नव्हता. दूरच्या, अनोळखी, पण या संगीताचा कान असलेल्या माणसाने तुमचे काम स्वतःहून मागावे आणि आणखी एकाला ऐकवावे, ही साखळी लांबत जाणे म्हणजे वर येणे. १९८० च्या दशकात ही साखळी टपालाने चालत असे. मुले घरच्या डेकवर कॅसेटच्या प्रती काढून एकमेकांना पाठवत, आणि टपालखर्च वाचावा म्हणून तिकिटांवर डिंकाचा पातळ थर देत, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येई. फ्लोरिडात ऑरलँडोजवळील आल्टामाँट स्प्रिंग्ज या उपनगरात १९८३ मध्ये चक शुल्डिनर आणि त्याच्या मित्रांनी ‘मँटास’ नावाचा बँड काढला तेव्हा चक शाळकरी वयाचा होता. पुढे याच बँडचे नाव ‘डेथ’ झाले. त्यांचे डेमो याच वाटेने समुद्रापार गेले, १९८६ च्या ‘म्युटिलेशन’ या डेमोवर त्यांना रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला, आणि १९८७ मध्ये पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आला. तोवर चक वीस वर्षांचा झाला होता आणि बँडमधील माणसे कितीतरी वेळा बदलली होती. बदलली नव्हती ती एकच गोष्ट : दर काही महिन्यांनी आधीपेक्षा बरा असा एक डेमो टपालात पडत होता.

तुमच्या परिस्थितीला याहून जवळचे उदाहरण मात्र ब्राझीलचे आहे आणि ते मी जरा सविस्तर सांगतो. रिओ ग्रांदे दो सुल हे ब्राझीलचे दक्षिण टोकाचे राज्य. त्यातील इजुई हे शेतीवर जगणारे गाव, साओ पाउलोसारख्या महानगरापासून सुमारे हजार किलोमीटर दूर. तिथे १९९० मध्ये तीन सख्ख्या भावांनी ‘क्रिसिऊन’ हा बँड सुरू केला : आलेक्स कामार्गो बास आणि गायनाला, मोइसेस कोलेस्ने गिटारला, माक्स कोलेस्ने ड्रमला. आसपास ना मेटलचे कार्यक्रम, ना तसा स्टुडिओ. पुढील पाच वर्षांत त्यांनी डेमो काढले, ते टपालाने पाठवले, आणि वाजवण्याचा वेग व अचूकपणा अशा टोकाला नेला की गाव सोडण्यापूर्वीच त्यांची ओळख तयार झाली. १९९५ मध्ये ते साओ पाउलोला गेले आणि त्याच वर्षी ‘ब्लॅक फोर्स डोमेन’ हा पहिला अल्बम आला. २००० मध्ये ‘काँकरर्स ऑफ आर्मागेडन’ या तिसऱ्या अल्बमच्या वेळी सेंच्युरी मीडियासारखी मोठी रेकॉर्ड कंपनी आणि निर्माता म्हणून अमेरिकन डेथ मेटल गिटारवादक एरिक रूटन त्यांच्यासोबत होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून दहा वर्षे. पहिल्या अल्बमपासून आजतागायत तेच तिघे भाऊ एकत्र वाजवत आहेत.

या हकिगतीतून मी काढलेला निष्कर्ष माझ्या अनुभवाशीही जुळतो. टोकाच्या संगीतातला बँड वर येतो तो एका खोलीत पुष्कळ काळ टिकून राहिलेल्या माणसांमुळे. इतर कोणत्याही संगीतात चांगले वादक आठवड्यात एकत्र येऊन कार्यक्रम उभा करू शकतात, पण मिनिटाला दोनशे मात्रांच्या पुढच्या लयीत गिटार, बास आणि ड्रमचे पाय एकाच क्षणी पडायचे असतील, तर ते कळत-नकळत एकमेकांचा श्वास ओळखू लागेपर्यंत एकत्र घासलेले असावे लागतात. आणि एकत्र घासायला लागणारी जागा, मोकळा वेळ व कमी खर्च या तीनही गोष्टी सांगलीत आहेत, पुण्या-मुंबईत नाहीत. मुंबईत तासाच्या भाड्याने घेतलेल्या रियाजाच्या खोलीत दोन तासांतला अर्धा तास सामान जुळवण्यात जातो. माझ्या ओळखीच्या तीन बँडनी चार गाण्यांच्या जोरावर शहर गाठले आणि तिन्ही बँड वर्षाच्या आत नोकरी, लोकल आणि घरभाडे यांत विरून गेले. त्या मुलांमध्ये गुण कमी नव्हता, वेळ उरला नाही.

म्हणून माझे पहिले उत्तर स्पष्ट आहे : सगळ्यांनी आत्ताच जाऊ नका. वाजवायला मात्र जात राहा. आपल्याकडील मुलांच्या लक्षात येत नाही अशी एक सोय आपल्या दाराशी आहे, ती म्हणजे मिरज जंक्शन. भारतातील मेटलच्या दोन मोठ्या पेठा, मुंबई-पुणे आणि बेंगळुरू, यांच्या मधोमध आपण बसलो आहोत. राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बेंगळुरूत असता, आणि पुणे तर एसटीने अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. बेंगळुरूत २०१२ पासून ‘बँगलोर ओपन एअर’ हा महोत्सव होत आला आहे. जर्मनीतील वाकेन महोत्सवाच्या बँड-स्पर्धेची भारतीय फेरी त्याच्याशी जोडलेली आहे आणि तीत जिंकणाऱ्या बँडला वाकेनला वाजवायला मिळते. तिथे आधी प्रेक्षक म्हणून जा. दिवसभर मंचासमोर उभे राहा, बँडच्या माणसांशी बोला, त्यांच्या कॅसेट आणि टी-शर्ट विकत घ्या. या जगात कोणी कोणाला अर्ज करून आत येत नाही. आधी ऐकणारा म्हणून ओळख होते आणि मग वाजवणारा म्हणून.

मुंबईकरांनाही हे आयते मिळाले नव्हते. ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ हा बँड २००० मध्ये सुरू झाला तेव्हा असे संगीत लावणारे मंच नव्हते, म्हणून बँडचा गायक-गिटारवादक साहिल मखिजा याने स्वतःचे लेबल (अल्बम काढणारी कंपनी) काढले आणि स्वतःच ‘रिसरेक्शन फेस्टिव्हल’ भरवला. मुंबईचाच ‘गटस्लिट’ हा बँड २००७ मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला पूर्ण अल्बम २०१३ मध्ये आला. सहा वर्षे लागली. तुमची तर दोनच झाली आहेत.

आता जागेविषयी. वरच्या मजल्यावरील खोली सोडा, आणि शेजाऱ्यांवर राग धरू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. बंद खोलीत ड्रम आणि दोन अँप्लिफायर चालू असताना माझ्या मापकावर १०५ च्या वर आकडा सहज जातो. खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हा आवाज थांबत नाही, हे मी प्रत्येक बँडला सांगतो आणि प्रत्येक बँड तरीही ट्रे चिकटवतो. ट्रे फक्त खोलीतला थोडा तीक्ष्ण प्रतिध्वनी शोषतात. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवतो तो भिंतीचा जडपणा आणि फटी नसणे. शिवाय कागदी लगद्याचे ते ट्रे झटकन पेट घेतात. म्हणून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा जुना गाळा भागीदारीत भाड्याने घ्या. तिथे कारखान्यांच्या यंत्रांचा आवाज मुळातच असतो आणि संध्याकाळी सातनंतर बहुतेक गाळे बंद होतात. पत्र्याच्या छताखाली आवाज फार घुमतो, त्यासाठी मंडपवाल्याकडून जुन्या सतरंज्या आणि कापसाच्या जुन्या गाद्या मिळवून ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. वीज घेताना अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग खराब असेल तर अँप्लिफायर गुणगुणतो एवढ्यावर भागत नाही, गिटार हातात धरून माईकला ओठ लावणाऱ्याला झटका बसतो.

जागा तळमजल्याची असेल तर ड्रम जमिनीवर ठेवू नका, हेही सांगितलेच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा माझा ड्रमसेट एका मित्राच्या तळमजल्यावरील खोलीत होता. नवव्या दिवशी दार उघडले तेव्हा फ्लोअर टॉममध्ये (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये) वीतभर गाळ बसला होता, आणि प्लायवूडचे थर पाण्याने सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले होते. झांजा तेवढ्या धुऊन पुन्हा वाजल्या. कुपवाड उंचावर आहे, हा त्या जागेचा आणखी एक गुण.

कानांचेही इथेच सांगतो. व्यावसायिक आरोग्याचा अमेरिकेत वापरला जाणारा दंडक असा आहे की ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. हिशोब केला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. तुम्ही तीन तास वाजवता. कानांत बोळे घालून वाजवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मी उशिरा लावली आणि माझ्या डाव्या कानात रात्री एक बारीक शिटी वाजत राहते, ती आता जाणार नाही.

तुमच्या गाण्यांतला सर्वांत मोठा दोष गिटारच्या आवाजात आहे, आणि त्याचे मूळ समजावून सांगण्यासाठी मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतार आणि तंबोरे घडत आले आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. काही वर्षांपूर्वी एका बँडची गिटार खालच्या सुरात उतरवताना आम्ही जाड तारा चढवल्या. मानेच्या टोकाशी तार जिथे टेकते त्या पट्टीतल्या खाचा अरुंद पडल्या, तार अडकू लागली आणि सूर टिकेना. म्हणून मी ती गिटार एका ज्येष्ठ कारागिरांकडे नेली. चाचांनी तार दोनदा छेडली, कान लाकडाजवळ नेला आणि मला विचारले, “ही झणझण हवी आहे की नको आहे?” मग बारीक कानशीने खाच रुंद करता करता त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या तंबोऱ्याची जवारी दाखवली. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर घासत कंप पावते आणि त्या घासण्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर फुलतात. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकवला की तोच तंबोरा मुका होतो, आणखी केसभर सरकवला की कर्कश होतो. मधला एकच बिंदू असा असतो जिथे तो गातो.

डिस्टॉर्शनचे काम वेगळ्या मार्गाने हेच आहे. अँप्लिफायर किंवा पेडल तारेच्या लाटेचा माथा छाटते आणि त्या छाटण्यातून वरचे स्वर जन्माला येतात. थोडे छाटले तर आवाजाला धार येते, फार छाटले तर प्रत्येक आघाताची सुरुवात बोथट होऊन नुसता एकसंध गोंगाट उरतो. तुमच्या पहिल्या गाण्याच्या मधल्या जलद भागात नेमके हेच झाले आहे. बोटे बरोबर पडत आहेत, पण ऐकू येत नाहीत. गेन (छाटणी किती व्हावी हे ठरवणारे बटण) अर्ध्यावर आणा, घरी वाजवताना ते पुचाट वाटेल, तरीही आणा. जडपणा गेनमधून येत नाही, उजव्या हाताच्या तळव्याने तार दाबून केलेल्या आघातातून येतो.

याच गल्लीतून आणखी एक गोष्ट उचलता येईल. मेटलमध्ये दोन स्वरांची जी जोडी सर्वांत जास्त वाजते ती षड्ज-पंचमाची आहे, आणि तंबोराही बहुधा त्याच जोडीत लागतो. या स्वरांच्या कंपनांचे प्रमाण २ : ३ असते. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचाही एक स्वर उमटतो. तीनातून दोन गेले की एक, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. तुमची गिटार बी स्वराला उतरवलेली आहे. तिची सर्वांत खालची तार सुमारे ६१.७ हर्ट्झला कंप पावते, आणि तिच्यावर पंचम घेतला की फरकाचा स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास पडतो. पाच तारांच्या बासची सर्वांत खालची तार नेमकी तिथेच असते. दोन गिटार आणि एक बास मिळून भिंत उभी राहिल्यासारखे वाटते त्याचे हे कारण आहे. उलट षड्जाबरोबर कोमल गंधार घेतलात तर प्रमाण ५ : ६ होते आणि खाली कोमल धैवताजवळचा, गाण्यात कुठेच नसलेला एक परका स्वर उमटून सगळे गढूळ होते. असा गढूळपणा मुद्दाम हवा असेल तिथे तो जरूर घ्या, कारण भीती उभी करण्याचे ते एक उत्तम साधन आहे. तुमच्या दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तो नकळत आला आहे, आणि तिथे बासने फक्त षड्ज धरून ठेवला तर तोच दोष त्या गाण्याचा सर्वांत चांगला क्षण होईल.

ड्रमविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तुमचा ड्रमर चौघांत सर्वांत तयार आहे. ‘ब्लास्ट बीट’, म्हणजे हातपायांचे अखंड अतिजलद आघात, हे नाव ब्रिटनच्या ‘नेपाम डेथ’ या बँडचा ड्रमर मिक हॅरिस याने रूढ केले असे मानले जाते. तेव्हापासून आजपर्यंत वेगाची चढाओढ चालूच आहे. पण हिशोब पाहा : २०० च्या लयीत मात्रेला चार आघात म्हणजे मिनिटाला ८००, सेकंदाला तेरांहून अधिक, आणि दोन पायांत वाटले तरी प्रत्येक पायाला मिनिटाला ४००. पहिल्या गाण्यात तो हा वेग गाठतो, पण दीड मिनिटानंतर उजवा पाय मागे पडू लागतो, कारण घोट्याऐवजी मांडीने पेडल दाबले जात आहे. त्याने १५० वर उतरावे, क्लिकबरोबर (कानात वाजणाऱ्या लयीच्या ठोक्याबरोबर) तीन मिनिटे न थकता वाजवावे, आणि ते साधल्यावरच चार-पाचने लय वाढवावी. तबल्यातील बोल ठायीत बसल्याशिवाय द्रुत होत नाहीत, हे त्याला वेगळे सांगायला नको.

गायकाला मात्र मी जरा कडक शब्दांत सांगतो. त्याचा आवाज घशातून खरवडून येतो आहे आणि तो असाच चालला तर दोन वर्षांत त्याला बोलणेही जड जाईल. नीट शिकलेला ग्राउल (डेथ मेटलमधला गुरगुरता आवाज) खऱ्या स्वरतंतूंवर ताण देऊन काढत नाहीत. त्यांच्या वर ज्या मांसल घड्या असतात, त्या पोटातून आलेल्या स्थिर श्वासावर कंप पावतात. खर्जाचा रियाज करणाऱ्याला हा श्वासाचा आधार ओळखीचा वाटेल. गाताना दुखले किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तर तंत्र चुकले आहे असे समजून त्या दिवशी थांबावे. घसा दोन आठवड्यांहून अधिक बसून राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. त्यासाठी आपल्याला कुठे लांब जायला नको, मिरजेत दवाखान्यांची उणीव नाही.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत मोठ्या शहरातील महागडा स्टुडिओ ही पहिली गरज नाही, पण ध्वनिमुद्रक या संगीताचा असणे ही आहे. फ्लोरिडातील टँपा शहरात १९८१ मध्ये टॉम आणि जिम मॉरिस या भावांनी ‘मॉरिसाउंड’ हा स्टुडिओ काढला, आणि तिथे स्कॉट बर्न्स या ध्वनिमुद्रकाने इतक्या जलद वाजवण्यातही प्रत्येक आघात सुटा कसा ऐकवायचा याची रीत बसवली. ‘सेपल्टुरा’ या ब्राझीलमधील बेलो होरिझोंतेच्या बँडचा १९८९ चा ‘बिनीथ द रिमेन्स’ हा अल्बम करायला तोच फ्लोरिडाहून रिओला गेला होता. माणूस बँडकडे आला, बँड माणसाकडे गेला नाही. त्याच सुमारास स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेरी अगदी उलट वाटेने चालला होता. बॉस कंपनीच्या एचएम-२ या स्वस्त पेडलची सगळी बटणे पूर्ण फिरवून काढलेला करवतीसारखा आवाज ‘एंटूम्ड’ या स्वीडिश बँडच्या १९९० च्या ‘लेफ्ट हँड पाथ’ या अल्बमवर ऐकू येतो, आणि आज जगभरातले लोक त्याला स्वीडनचा आवाज म्हणूनच ओळखतात. दोन गावे, दोन आवाज. तुमच्या आवाजावरून तुमचे गाव ओळखू यावे, ही इच्छा धरून कामाला लागा.

प्रत्यक्षात इतकेच करा. ड्रमसाठी आठ माईक आणि आठ इनपुटचा इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) भाड्याने मिळतो. गिटारचा प्रत्येक भाग दोन वेळा स्वतंत्रपणे वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवा, संगणकात तोच तुकडा डकवून दुसरी बाजू भरू नका. गिटारचा कोरा, अँप्लिफायरमधून न गेलेला संकेतही वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे अँप्लिफायरचा आवाज पुढे बदलता येईल. आणि तुटलेला टेक (एका दमात वाजवून केलेले रेकॉर्डिंग) संगणकात सरळ करण्यापेक्षा पुन्हा वाजवा. या संगीताचा कान असलेल्या माणसाला मशीनने ओढून बसवलेले ड्रम दोन ओळींत कळतात, आणि तिथेच ती साखळी तुटते ज्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले.

शब्दांविषयी एकच गोष्ट बोलतो. तुमची दोन्ही गाणी अमेरिकेतील खुनी आणि तेथील शवागार यांच्यावर आहेत. ते फ्लोरिडाच्या मुलांनी पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मनापासून लिहिले होते. ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला आणि विष्णूच्या अवतारांवर डेथ मेटल उभे राहू शकते हे दाखवले. आपण सांगलीकरांनी पुराच्या रात्री आयर्विन पुलाखालून सुटलेली गुरे वाहत जाताना पाहिली आहेत, पाणी ओसरल्यावर आठवडाभर गावात राहिलेला वास अनुभवला आहे. मृत्यूचे संगीत करणाऱ्याला यापेक्षा खरा विषय मिळणे कठीण आहे. मराठीत लिहिलेत तरी चालेल. ग्राउलमध्ये शब्द तसेही छापील कागदावरूनच वाचले जातात, आणि परक्या देशातला श्रोता तो कागद निरखून पाहतो.

डेमो तयार झाल्यावर तो बँडकॅम्पवर (बँडना आपले संगीत स्वतः विकता येते असे संकेतस्थळ) ठेवा आणि त्याच वेळी पन्नास-साठ कॅसेट काढा. कॅसेट अजूनही या जगात हातोहात फिरते आणि पाकिटातून आलेली वस्तू माणूस ऐकल्याशिवाय ठेवत नाही. शंभर लेबलांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा, ज्यांचे संगीत तुम्ही खरोखर ऐकता अशी सात-आठ लेबले निवडा आणि प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहा. उत्तर आले नाही तर पुढचा डेमो पाठवा.

आता ड्रमरच्या जाण्याविषयी, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी त्याचीच दिसते. दुसरा ड्रमर शोधू नका. दोन वर्षे एकत्र घासलेला माणूस पुण्यात राहिला तरी तुमचाच आहे, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार तो एसटीने येऊ शकतो. रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नेहमी आधी होतात, बाकी सगळे त्यांच्यावर नंतर चढते. म्हणून दिवाळीपूर्वीच्या प्रत्येक रविवारी फक्त त्याच्यासाठी बसा. गिटारवादकाने क्लिकबरोबर मार्गदर्शक ट्रॅक वाजवून ठेवावेत आणि चारही गाण्यांचे ड्रम त्याच्याकडून पूर्ण करून घ्यावेत. गिटार, बास आणि आवाज पुढे पावसाळ्यापर्यंत सावकाश होतील. ड्रमच्या दिवशी मी माईक घेऊन कुपवाडला येईन, त्याचे भाडे लागणार नाही. त्याला एवढेच सांगा की पेडलच्या स्प्रिंगांची एक जादा जोडी आणि स्नेअरचे नवे कातडे घेऊन ये, कारण रविवारी सांगलीत ते मिळत नाही.